‘परत जा’ हे वाक्य मी शिकवलंच नव्हतं

हे प्रकरण विनायकचं. नाव बदललं आहे, पलूस तालुक्यातलं त्याचं गाव गाळलं आहे आणि महिने थोडे मागेपुढे केले आहेत. बाकी सगळं त्यानं, त्याच्या आईवडिलांनी आणि मी एकत्र बसून आठवलं. लिहायला त्यानंच सांगितलं. मी सांगलीत विश्रामबागला जपानी शिकवते. माझ्याकडून दरवर्षी आठ-दहा मुलंमुली जपानला जातात. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

पार्श्वभूमी

विनायक माझ्याकडे दोन वर्षं शिकला. मेकॅनिकलची डिग्री, घरची दीड एकर द्राक्षबाग, धाकटी बहीण बारावीला. एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पायरी, पास होऊन तो ऐची प्रांतात, नागोयापासून तासाभरावरच्या एका कारखान्यात लागला. वर्गात कुणाचं अडलं की हाच आधी उठायचा, असा बोलका मुलगा.

तिथं गेल्यावर त्याचं बोलणंच बंद झालं. पुस्तकातलं जपानी वेगळं आणि मशीनच्या आवाजात तोंडातल्या तोंडात बोललेली तिथली बोली वेगळी. कुणी वाईट वागत नव्हतं. सकाळी नमस्कार, संध्याकाळी ‘दमलास ना’, मध्ये काम. पुढे तो मला म्हणाला, “सेन्सेई (म्हणजे बाई), तीन महिन्यांत एकानंही मला ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं नाही.” मला वाटतं, पुढचं सगळं या एका वाक्यातून घडलं.

जानेवारीतल्या एका रविवारी तो नागोयाला पुस्तकांच्या मोठ्या दुकानात भाषेच्या कप्प्यापाशी उभा होता. चाळिशीची एक बाई आणि तिच्याबरोबर एक तरुण जवळ आले. भारतीय आहात का, असं विचारून बाईंनी वहीतला एक शब्द दाखवला. ‘प्राणायाम’ जपानी लिपीत लिहिला होता. याचा खरा उच्चार काय, असं त्यांनी विचारलं. विनायकनं सांगितला. बाईंनी तीनदा म्हणून पाहिला आणि कमरेत वाकून आभार मानले. मग कॉफी झाली. पुढच्या रविवारी योगाच्या छोट्या अभ्यासवर्गाला याल का, असं विचारणं झालं.

वर्ग गावच्या सार्वजनिक सभागृहात भरत असे. आठ-नऊ माणसं, स्वच्छ चटया, गरम चहा. मंडळाचं नाव विचारलं तर ‘बेंक्योकाई’, म्हणजे नुसतं ‘अभ्यासवर्ग’. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्याला एखादं स्तोत्र म्हणायला सांगितलं. सांगली भागातलं पोर, त्याला अथर्वशीर्ष शाळेपासून पाठ. त्यानं ते म्हटलं. डोळे उघडले तेव्हा सगळे मान खाली घालून बसले होते आणि एकाच्या गालावर पाणी होतं. त्या रात्री त्यानं घरी फोन केला: “आई, हितं मला गुरुजी म्हणत्यात.”

आईला आनंद झाला. कुणाला झाला नसता? कारखान्यात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला इथं माणसं उच्चार विचारतात, अर्थ विचारतात, वाकून नमस्कार करतात. नंतर गावात काही जण म्हणाले की पोरगं भोळं होतं, देवाधर्माच्या नादानं फसलं. मला हे मान्य नाही. विनायक घरी असताना दिवाबत्तीसुद्धा आई ओरडली तरच करायचा. त्याला ओढलं ते भक्तीनं नव्हे, मानानं. आणि मान हवासा वाटणं हा काही दोष नव्हे.

पुस्तिका

फेब्रुवारीत एक फॉर्म आला. कुंडली मांडायची म्हणून जन्मवेळ, आईवडिलांची नावं, घरचा पत्ता. त्यानं पिनकोडासकट भरून दिला. मार्चपासून वर्ग सभागृहातून एका फ्लॅटमध्ये गेला. दारातच टोपलीत फोन ठेवायचे. अंधारात तासन्‌तास श्वासाचे प्रकार, मग उपास. कोर्सचे तीस हजार येन, त्यानंतर ‘दीक्षे’चे एक लाख. घरी वारंवार फोन केला तर साधनेची कमाई वाया जाते, असं हळूच सांगितलं गेलं.

सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं. त्यासाठी विनायकनं कबूल केलेले पैसे निम्मेच आले. एप्रिलमध्ये त्याची आई माझ्याकडे आली. “मॅडम, पोरगं वाळलंय वो. गालफडं बसल्यात. इचारलं की म्हणतंय काय न्हाई.” मी त्यांना सांगितलं, नवी जागा आहे, थंडी आहे, खर्च असतात, होईल ठीक. मी त्याला साधा फोनही केला नाही. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

मे महिन्यात जेवणाच्या सुटीत विनायक कँटीनमध्ये एक पुस्तिका वाचत होता. तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं होतं. शेजारी त्याच्या गटाचे प्रमुख, त्यांना तिथं ‘हान्चो’ म्हणतात, पन्नाशी ओलांडलेले. कव्हर सरकलं, आतला दाढीवाल्या माणसाचा फोटो दिसला आणि हान्चोंनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. “हे तुला कुणी दिलं?” एवढंच त्यांनी विचारलं. मग त्याला बाहेर नेऊन त्यांनी पाऊण तास समजावलं. आठ महिन्यांत एवढं ते कधी बोलले नव्हते.

तो फोटो शोको असाहाराचा होता. जपानमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही तो चेहरा ओळखू येतो. विनायकचा जन्मच १९९५ नंतरचा. असाहारानं १९८४ मध्ये तोक्योच्या शिबुया भागात योगाचा एक लहानसा वर्ग काढला. पुढे हिमालयात अंतिम मुक्ती मिळाल्याचा दावा केला. १९८७ पासून त्याच्या संघटनेचं नाव ‘ओम शिनरिक्यो’ झालं. त्यातला ‘ओम’ आपलाच. विद्यापीठांतून शिकलेले रसायनतज्ज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर त्यात होते. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात त्यांच्या इमारती होत्या आणि त्यांना ‘सत्यम्’ या शब्दावरून नाव देऊन क्रमांक घातले होते. सातव्या ‘सत्यम्’मध्ये सारिन हा विषारी वायू बनवायचा कारखाना होता आणि तो झाकायला शंकराची थर्मोकोलसारख्या फोमची भव्य मूर्ती उभी केली होती. हे वाचलं त्या रात्री विनायकनं मला मेसेज केला: “सेन्सेई, महादेवाच्या मागं.” पुढं काहीच नव्हतं.

२७ जून १९९४ च्या रात्री मात्सुमोतो शहरात ट्रकमधून सारिन सोडला. त्यात आठ माणसं गेली. २० मार्च १९९५ ला सकाळच्या गर्दीत तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवर पाच गाड्यांमध्ये सारिनच्या पिशव्या टाकल्या आणि छत्र्यांच्या टोकदार केलेल्या टोकांनी फोडल्या. तेरा माणसं मेली, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली एक बाई २०२० मध्ये गेली, आणि इजा झालेल्यांची संख्या सहा हजारांवर. असाहारासह तेरा जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली.

विनायकला सर्वांत जास्त घाबरवलं ते मात्र त्याआधीच्या एका खुनानं. त्सुत्सुमी साकामोतो हा तरुण वकील या संघटनेत अडकलेल्या मुलांच्या आईवडिलांची बाजू लढवत होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये संघटनेची माणसं रात्री त्याच्या घरात शिरली आणि तो, त्याची बायको व वर्षाचं बाळ, तिघांनाही मारून टाकलं. दाराला कुलूप नव्हतं. तिघांचे मृतदेह तीन वेगवेगळ्या प्रांतांत पुरले आणि ते सापडायला सहा वर्षं लागली. खून करणाऱ्यांच्या बोलीत माणूस मारण्याला ‘पोआ’ म्हणत. मूळचा तो तिबेटी शब्द, मरणाऱ्याचा आत्मा वरच्या लोकी पोचवणं अशा अर्थाचा. विनायकच्या पुस्तिकेत तो शब्द होता. त्यानं तो पेन्सिलीनं अधोरेखित करून समासात ‘अर्थ विचारणे’ असं मराठीत लिहिलं होतं.

संघटना १९९५ नंतर मोडली, पण नावं बदलून, फुटून काही गट उरले. डिसेंबर १९९९ मध्ये खास कायदा झाला आणि त्याखाली सरकार आजही त्यांच्यावर नजर ठेवतं. सरकारी अहवालांत त्यांचे सुमारे सोळाशे अनुयायी सांगितले जातात. १९९५ न पाहिलेल्या तरुणांना हे गट नाव लपवून, योगवर्ग आणि पुस्तकांच्या दुकानातल्या ओळखींतून गाठतात, असा इशारा हे अहवाल वारंवार देतात. विनायकला भेटलेली माणसं यातल्या कोणत्या गटाची, किंवा नुसतीच त्या माणसाला मानणारी, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. म्हणून इथं मी कोणाचंही नाव घेत नाही.

दार

त्यानं जाणं बंद केलं. मेसेज आले की तो लिहायचा, ‘च्योत्तो इसोगाशी’, म्हणजे जरा कामात आहे. ‘कोन्दो वा च्योत्तो…’, म्हणजे या खेपेला जरा… आणि पुढे वाक्य सोडून द्यायचं.

हे मीच शिकवलेलं. माझ्या वर्गात पहिल्या तीन महिन्यांत येतं: जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, ‘च्योत्तो’ म्हणून वाक्य अर्धं सोडतो, ऐकणारा समजून घेतो. हे खरंच आहे. पण समजून घ्यायचंच नाही असं ज्यानं ठरवलंय त्याच्यापुढे अर्धं वाक्य म्हणजे कडी न लावलेलं दार. हे मी कधी सांगितलं नव्हतं. कचऱ्याचे प्रकार, सार्वजनिक स्नानगृहाचे नियम, व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी द्यायचं, सगळं शिकवलं. ठाम नकार शिकवला नाही.

जूनपासून एक दिवसाआड संध्याकाळी दोघं दारात. कधी त्या बाई, कधी दुसरे. आवाज चढवत नसत. ‘काळजी वाटते’ म्हणायचे. गुरूला सोडून गेलेला ‘अवीची’ नरकात पडतो आणि त्याच्या घरच्यांनाही त्याची झळ लागते, असं सांगायचे. “तुझ्या आईवडिलांचा पत्ता आमच्याकडे आहे. आम्ही रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.” हे वाक्य तो झोपेत ऐकू लागला. दाराची कडी रात्रीत चार-चारदा उठून तपासायचा.

जूनच्या शेवटी पलूसला पोस्टमननं एक पाकीट दिलं. जपानी तिकीट पाहून आईनं हौसेनं उघडलं. आत विनायकचा डोळे मिटून बसलेला फोटो आणि देवनागरीत छापलेला एक मंत्र, चार ओळींत तीन चुका. बाकी एक अक्षर नाही. धमकी म्हणावी असंही काही नाही. आई म्हणाली, “काय लिवलं असतं तर बरं झालं असतं.”

दोघं नवराबायको दुसऱ्या दिवशी एसटीनं विश्रामबागला आले. वडिलांनी पाकीट सदऱ्याच्या आत ठेवलेलं. ते म्हणाले, “मॅडम, त्याला परत बोलवा. बाग हाय, कष्ट करून खाईल.” मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्यासमोरच विनायकला फोन लावला. बापाचा आवाज ऐकला तसा पोरगा रडायला लागला. मग पहिल्यांदा सगळं बाहेर आलं.

काय केलं

आधी चुकलेलं सांगते. मी सुचवलं की भारतात परत जातोय असं सांग, म्हणजे सोडतील. उलट झालं. जाण्याआधीची शेवटची दीक्षा म्हणून ते अधिकच येऊ लागले आणि तिकिटाची तारीख विचारू लागले. खोटं सांगितलं की ते सांभाळावं लागतं, आणि बोलणं चालूच राहतं.

दुसरं बरोबर ठरलं, आणि त्याचं श्रेय हान्चोंना. त्यांनी कारखान्याच्या ऑफिसला कळवलं, ऑफिसनं वकील गाठून दिला. अशा पंथांच्या लुबाडणुकीविरुद्ध लढणारे वकील जपानमध्ये १९८७ पासून एकत्र काम करतात, त्यामुळे अनुभवी माणसं सापडतात. पैशाची अडचण असेल तर ‘होतेरासु’ या सरकारी कायदेमदत केंद्रात परदेशी माणसालाही इंग्रजीसारख्या काही भाषांतून माहिती मिळते. तातडी नसलेल्या तक्रारीसाठी पोलिसांचा #९११० हा सल्ल्याचा नंबर आहे आणि तातडीसाठी ११०. हे नंबर मी आता पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते.

वकिलांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो: “तू त्यांना स्पष्ट शब्दांत ‘जा’ म्हणालास का?” विनायक गप्प. जपानच्या दंडसंहितेतलं १३० वं कलम घरात घुसण्याबद्दल आहे, आणि जा म्हटल्यावरही न हलणं हा त्याच कलमात गुन्हा आहे. पण त्यासाठी आधी ‘जा’ म्हणायला लागतं. महिनाभर तो दारात उभा राहून ‘सुमिमासेन’ म्हणत होता. म्हणजे माफी मागत होता.

त्यांनी त्याला दोन वाक्यं दिली. ‘ओकोतोवारी शिमास्’: मी नकार देतो. ‘काएत्ते कुदासाइ’: परत जा. आणि एक वही, तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं हे टिपायला. इकडे वडिलांनी पाकिटाची झेरॉक्स जोडून पोलिसांत अर्ज देऊन ठेवला.

दोन वाक्यं सोपी वाटतात. विनायकला ती फोनवर माझ्यापुढेही म्हणता येत नव्हती. आवाज खाली जायचा, शेवटी ‘च्योत्तो’ चिकटायचा. “सेन्सेई, उद्धट वाटतं.” आठवडाभर रोज सराव केला. मी इकडून दार वाजवल्याचा आवाज काढायची.

जुलैतल्या एका बुधवारी माझा संध्याकाळचा वर्ग चालू होता. सव्वापाच, म्हणजे तिकडे पावणेनऊ. विनायकचा फोन आला. “आलेत. फोन चालू ठेवा.” मी स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. वर्गात सहा मुलं, कुणी हललं नाही. पलीकडे बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज, त्या बाईंचं मऊ बोलणं. मग विनायकचा आवाज, थरथरणारा पण पूर्ण: “ओकोतोवारी शिमास्. काएत्ते कुदासाइ.” बोलणं थांबेना. त्यानं तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चढला होता. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “आता मी ११० लावतो,” आणि आमचा फोन कट झाला.

ती पंचवीस मिनिटं मी वर्ग घेऊ शकले नाही. मुलांनीही वह्या उघडल्या नाहीत. पाच चाळीसला मेसेज आला: पोलीस आले होते, दोघं जिन्याखालीच सापडले, त्यांची नावं लिहून घेतली, वहीचे फोटो काढले.

दारात त्यानंतर कुणी आलं नाही. दोन पत्रं आली. वकिलांनी ‘नाइयो शोमेइ’नं, म्हणजे आतला मजकूर पोस्टच प्रमाणित करतं अशा पत्रानं, संपर्क बंद करायला कळवलं आणि पत्रंही थांबली. ऑक्टोबरमध्ये कारखान्यानं त्याला दुसरी खोली दिली. एक लाख तीस हजार येनपैकी काहीही परत मिळालं नाही आणि त्यासाठी भांडायचं नाही असं त्यानंच ठरवलं.

आज

विनायक तिथंच आहे. परत ये म्हणणाऱ्या वडिलांना त्यानं समजावलं की आता आलो तर आयुष्यभर पळून आलोसं वाटेल. एन-टू झाला. बेल वाजली की अजून दचकतो. अथर्वशीर्ष वर्षभर त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि याचा राग मला त्या पैशांपेक्षा जास्त आहे. त्या माणसांनी त्याची लहानपणापासूनची एक वस्तू घेतली आणि मळवून परत दिली.

माझ्या वर्गात आता पहिल्याच महिन्यात एक तास दाराचा असतो. एक जण बाहेर उभा राहून गोड बोलतो, आतल्यानं ती दोन वाक्यं म्हणायची, पुढे काही जोडायचं नाही. बहुतेकांना जमत नाही. आपल्याकडेही दारी आलेल्याला ‘जा’ म्हणायची सवय नसते, ‘या, बसा, पाणी घ्या’ हेच अंगात असतं. जतहून येणारी, वृद्धाश्रमात कामाला जाणार असलेली एक मुलगी चौथ्या खेपेला म्हणाली आणि मग रडली.

घरचा पत्ता त्यांच्याकडे आहे तो आहेच. तो काही काढून घेता येत नाही. म्हणून जपानी तिकिटाचं पाकीट आलं की विनायकची आई न उघडता माझ्याकडे घेऊन येते. गेल्या महिन्यात एक घेऊन आल्या. हात थरथरत होते. मी कात्रीनं कडा कापली. हान्चोंचं पत्र होतं. विनायकबरोबर पाठवलेले घरचे बेदाणे मिळाले, त्याबद्दल आभार. बायकोला फार आवडले, पण ते नुसते खायचे की शिजवायचे, हे कळत नाही, असं विचारलं होतं.

मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“मग लिवा की मॅडम. रात्री भिजत घालावं आन सकाळी खावं म्हणावं. आन संपल्यावर सांगा म्हणावं.”